सिरियस आहे, लगेच ये

सोपान,

तुझ्या गावच्या कमानीला तुझा फ्लेक्स लागलाय. फेटा बांधलेला लग्नातला फोटो घेतलाय. त्यात तू गॉगल घातला होतास, तो कुणीतरी कॉम्प्युटरवर पुसला आणि त्या नादात तुझे डोळे भलत्याच माणसाचे झालेत. खाली भावकीतल्या पोरांचे फोटो, नावं, आणि मधोमध मोठ्या अक्षरात ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’. अल्पशा! मी गाडी बाजूला घेऊन ते दोनदा वाचलं. कंपनीच्या मेलमध्ये ‘अचानक’ असं होतं. म्हणजे गावाला अल्पसा आजार, कंपनीला अचानक, आणि खरं काय ते फक्त तुला ठाऊक. निदान त्या दिवशी मी तसं धरून चालले होते. असला गुळमुळीत एरर मेसेज मी कोडमध्ये लिहिला असता तर तू माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला असतास आणि मी बदलेपर्यंत हलला नसतास.

कँटीनमधली टेबलं सरकवून शोकसभा घेतली. आपले साहेब म्हणाले, सोपान अत्यंत मनमिळाऊ होता. तू आणि मनमिळाऊ! अर्धी टीम तुझ्याकडे कोड तपासायला पाठवायच्या आधी देवाला हात जोडायची. मग एचआरची मुलगी माझ्याकडे आली, मॅडम, तुम्ही त्यांच्या जवळच्या, दोन शब्द बोला. मी नको म्हटलं. माझ्याकडे खरंच दोनच शब्द होते आणि ते कँटीनमध्ये बोलण्यासारखे नव्हते.

मला तुझा राग आलाय. रडू येतं, ते येतंच, पण त्याच्या आधी राग येतो आणि तो काढायला जागा नाही. गेलेल्या माणसावर चिडलं की लोक पाणी आणून देतात, पाठीवरून हात फिरवतात, म्हणतात बोल, मोकळी हो. मला मोकळं व्हायचं नाही. मला भांडायचंय. म्हणून तुलाच लिहितेय, आणि तू मधे बोलू शकत नाहीस याचा पुरेपूर फायदा घेणार आहे.

मी परभणीहून पुण्याकडे नोकरीला आले तेव्हा जांबे गावात तुझ्या चुलत्यांच्या बिल्डिंगमध्ये खोली घेतली होती. पहिल्याच आठवड्यात टाकीत पाणी नाही म्हणून मी खाली जाऊन तांडव केलं, आणि मोटर बघायला तुझ्या गावाहून, कासारसाईहून आला कोण, तर तू. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर शेजारच्या खुर्चीत तोच माणूस. “काय परभणी, आलं का पाणी?” एवढं म्हणालास आणि त्यानंतर माझं खरं नाव तू कधी घेतलं नाहीस. रेखाला, तुझ्या बायकोलाही माझं खरं नाव लग्नाच्या वर्षभरानंतर कळलं.

रेखा हे वाचेल. ती नेहमी विचारायची, तुम्ही दोघं दिवसभर नक्की करता तरी काय? तू हसून टाळायचास, म्हणून तिच्यासाठी सांगते. आपण शेतातल्या पंपाला लावायचा डबा बनवतो. लाइट आली की तो मोबाईलवर कळवतो आणि शेतकरी घरात बसून मोटर सुरू करतो. डब्यात वीज शिरली की सगळ्यात आधी जागा होतो तो एक छोटासा प्रोग्राम, त्याला बूटलोडर म्हणतात. त्याने घड्याळाला उठवायचं, मेमरीला उठवायचं, करंट मोजणाऱ्या चिपला, मोडेमला, आणि सगळे उठले की डबा मोठ्या प्रोग्रामच्या हवाली करायचा. एखादा उठलाच नाही तर काय बोलायचं, यावर तू आणि मी आठ वर्षं एकमेकांची डोकी खाल्ली.

भांडण सुरू झालं तुझ्या मावसभावाच्या पंपावरून. त्याचा डबा चालू होईना. आत एकच वाक्य होतं, हार्डवेअर सेटअप फेल. सर्व्हिसवाल्याने सिम बदललं, मग मोडेम बदललं, मग अख्खं बोर्ड बदललं, आणि नवं बोर्डसुद्धा तेच म्हणायला लागलं. भेंडीचं रान माना टाकायला लागलं. मावसभाऊ तुझ्या घरी येऊन तुझ्या आईसमोर तुझ्या शिक्षणाचा उद्धार करून गेला. शेवटी तू सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन पंपाच्या खोलीत बसलास, तेव्हा सापडलं की करंट मोजणाऱ्या चिपच्या जोडणीत मुंग्यांनी माती भरली होती. एवढंच. आणि चीड आणणारी गोष्ट ही की त्या चिपला उठवणाऱ्या कोडला हे बरोबर कळलं होतं. चिप उत्तर देत नाही, असं त्याने वर सांगितलंही होतं. वरच्या कोडने ते ऐकून घेतलं, बाजूला ठेवलं आणि आपलं एक गुळमुळीत वाक्य छापून मोकळा झाला. तो लिहिणारा माणूस केव्हाच कंपनी सोडून गेला होता.

तू चिखलाच्या बुटांनी लॅबमध्ये शिरलास. “फेल म्हणं! कोण फेल? धावीच्या परीक्षेला बसलं व्हतं का?” पोरं हसली. तू हसला नाहीस. बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलंस, कोण पडलं, काय करताना पडलं, काय मागितलं होतं आणि काय मिळालं. एवढं सांगता येत नसेल तर तो एरर लिहायचाच नाही, असं जाहीर केलंस. ते अक्षर अजून बोर्डावर आहे. हाउसकीपिंगच्या मावशी ते सोडून बाकीचं पुसतात.

त्यानंतर तू सगळा क्रमच बदललास. आधी मेमरी उठायची आणि मग बाहेर बोलायची वायर, त्यामुळे मेमरीच पडली तर डबा मुकाट मरायचा. तू म्हणालास, आधी तोंड जागं करा, हातपाय मागनं. तोंड जागं व्हायच्या आधीच काही पडलं तर दिव्याची उघडझाप करून सांगायचं, ही कल्पना माझी होती. तू ती सगळीकडे स्वतःची म्हणून सांगत फिरायचास. ते असो, त्याचा राग या रागात धरलेला नाही.

मला पटत नव्हतं ते तुझं थांबणं. एखादा भाग उठला नाही तर डब्याने मोटर चालू करायचीच नाही, हिरवा दिवा लावायचाच नाही, हा तुझा हट्ट. मी म्हणायचे, बाबा, चिप नाही उठली तर ठरलेले आकडे धरून पुढे जाऊ दे, शेतकऱ्याला पाणी हवंय, तुझं तत्त्वज्ञान नको. तू म्हणायचास, करंट मोजता येत न्हाई आन मोटार चालू करतोय, जळली म्हंजे? शॉक लागून माणूस चिकाटला म्हंजे? आणि आमच्यातल्या कुणी पुन्हा गुळमुळीत एरर लिहिला की त्याच्या शेजारी तू एकच शब्द लिहायचास. सिरियस.

हा शब्द तू कुठून आणलास ते मी धरणाच्या भिंतीजवळच्या टपरीवर विचारलं. कांदाभजीची प्लेट मधे होती. तू नेहमी पहिली चार भजी खाऊन मग बोलायला लागायचास, त्या दिवशी हातही लावला नाहीस.

तुझे वडील, अण्णा गेले तेव्हा तू हैदराबादला ट्रेनिंगला होतास. गावाहून फोन आला, अण्णा जरा सिरियस हायेत, लगीच ये. आपल्याकडे असंच सांगतात, तुमच्याकडे आणि आमच्याकडेही. माणूस गेला असं फोनवर कुणी म्हणत नाही. म्हणणाऱ्याला लोक नावं ठेवतात. तुला ते इतकं खरं वाटलं की तू निघताना अण्णांना आवडतात म्हणून बिस्किटांचा बॉक्स घेतलास. गाडीत रात्रभर पुण्यातले हार्टचे डॉक्टर शोधलेस, मित्रांना फोन करून कुठलं हॉस्पिटल चांगलं ते विचारलंस. आणि गावात उतरलास तर अंगणात माणसं उभी होती आणि बांबू आणून ठेवलेले होते. ‘हातातला बॉक्स कुणाकडं द्यावा कळंना, परभणी,’ असं म्हणालास. मित्रांपैकी अर्ध्यांना आधीच माहीत होतं, तेही फोनवर हॉस्पिटलची नावं सांगत बसले होते. त्यांच्यातल्या एकाशीही तू नंतर नीट बोलला नाहीस.

मी तरी गप्प बसायला हवं होतं, पण मी कसली बसते. मी म्हटलं, अरे, ती माया असते. माणूस वाटेत एकटा असतो, त्याला काही झालं म्हणजे? घरी पोचल्यावर चार माणसं धरायला असतात. तू भजीची प्लेट माझ्याकडे सरकवलीस. “माया न्हाई ती. सांगणाऱ्याला आपल्या तोंडानं सांगायला नको असतंय, म्हणून पुढच्यावर ढकलायचं.” मग म्हणालास, मला त्या गाडीत रडायचं होतं. मी म्हटलं, सगळेच तुझ्यासारखे घट्ट नसतात, कुणी कोसळलं तर जबाबदार कोण? तू म्हणालास, जबाबदारी घेऊनच सांगायचं असतंय. यावर माझं उत्तर तयार होतं, पण भजी गार झाली आणि तुला घरून फोन आला. ते भांडण तसंच राहिलंय.

असा हा स्पष्टवक्ता माणूस! आणि स्वतःचं काय केलंस? लवळ्याच्या कॉलेजात पोरांच्या मुलाखती घ्यायला गेलो होतो. कँटीनपासून वर चढ आहे. तू मधेच कठड्यावर बसलास, कपाळावर घाम. मी विचारलं तर ॲसिडिटी हाय. लिफ्ट बंद असली की तू खालीच फोनवर बोलत थांबायचास. डब्यातली चपाती अर्धी परत न्यायचास. विचारलं की ॲसिडिटी. वाफेवर शिजवलेलं खायला लागलास तेव्हा मी चिडवलं, म्हातारा झालास, तर म्हणालास रेखानं डाएट लावलंय. आठ वर्षं शेजारी बसून मला तू एवढंच सांगितलंस. काय पडलं, काय करताना पडलं, ते मला विचारायचा हक्क नव्हता?

त्या दिवशी लॅबमध्ये नवीन बोर्डं आली होती. तू वाकून एकाला वायर जोडत होतास. “परभणी, पाणी दे गं जरा,” म्हणालास आणि स्टुलावर बसलास. मी बाटली घेऊन वळले तर तू खाली होतास. पुढचं तुला माहीत नाही आणि मला आठवायचं नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी तुझा चेहरा ओळखला होता. ते म्हणाले, हे माझेच पेशंट, महिन्यापूर्वीच ब्लॉकेज सापडले होते, अँजिओप्लास्टीची तारीखसुद्धा ठरली होती. तारीख ठरली होती! म्हणजे तुला महिनाभर आधी माहीत होतं आणि तू आम्हाला ॲसिडिटीच्या गप्पा सांगत होतास. तिथल्या तिथे तुला उठवून दोन कानाखाली द्याव्यात असं मला वाटलं, आणि तू उठणार नव्हतास.

तुझे चुलते आले, मावसभाऊ आला. आईला घरी बायका धरून बसल्या होत्या. आणि मग प्रश्न आला रेखाचा. ती लेकीला, सईला घेऊन जुन्नरकडे माहेरी गेली होती, भावाचं लग्न चार दिवसांवर होतं. तुझा फोन माझ्या हातात होता आणि तो सारखा वाजत होता. स्क्रीनवर तिचं नाव येत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं, कुणी उचलायला तयार नव्हतं.

चुलते माझ्याजवळ आले. रडून डोळे लाल झालेले. म्हणाले, पोरी, तू कर तिला फोन, तू बाईमाणूस हायेस. नुसतं सिरियस हाय म्हण, ये म्हण. लगीनघर हाय तिचं, सांभाळून बोल. मावसभाऊ म्हणाला, व्हय, सिरियसच म्हणा ताई, पोरगी संगं हाय तिच्या. सगळे खरंच मायेने बोलत होते, सोपान. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. आणि मीच तुला भजीच्या टपरीवर सांगितलं होतं की ही माया असते.

मी पार्किंगमध्ये गेले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, सिरियस आहे, लगेच ये. ते सोपं होतं. मला तेच म्हणायचं होतं. माझ्या फोनवरून लावला, तिने एका रिंगमध्ये उचलला. मागे बायकांचा गलका, कुणीतरी आहेराच्या साड्यांवरून हसत होतं. “अगं, हा माझा फोन का उचलत नाही? मीटिंगमध्ये आहे का?” तिने विचारलं. आणि मला तू दिसलास, हातात बिस्किटांचा बॉक्स घेऊन. त्या क्षणी तुला इतक्या शिव्या घातल्या मी मनातल्या मनात. सुखाने खोटं बोलायचीही सोय ठेवली नव्हतीस.

मी तिला आधी बसायला सांगितलं. शेजारी कोण आहे विचारलं. भाऊ आहे म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. मी म्हटलं, “रेखा, सोपान गेला. ऑफिसात हार्ट अटॅक आला. दवाखान्यात आणेपर्यंत गेला होता. मी त्याच्याजवळ होते.” मागचं हसणं चालूच होतं. मग तिने विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, “नक्की.” फोन खाली पडल्याचा आवाज आला.

आत आले आणि सांगितलं, तर चुलते माझ्या अंगावर धावून आले. “बाई हायेस का कोण हायेस तू? घात केलास लेकराचा.” तिच्या भावाचा फोन आला, तो रडत होता आणि ओरडत होता, असं सांगतात का, तिला काही झालं असतं म्हणजे? मी काय सांगणार होते? की तुमच्या दाजींचा तसा नियम आहे? ते तीन तास, ती गाडीत होती तेवढा वेळ, मी दवाखान्याच्या बाकावर एकटी बसून होते आणि माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. तिला वाटेत काही झालं असतं तर मी जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं आणि तुला तर त्याहून नाही. जबाबदारी घेऊन सांगायचं असतं म्हणे! घेतली की रे. तू कुठे होतास?

ती आली. गाडीतून उतरून नीट चालत आत गेली. सई तिच्या कडेवर होती, एवढी मोठी मुलगी. माझ्यासमोरून गेली आणि माझ्याकडे बघितलं नाही. दहाव्याला बघितलं नाही, तेराव्याला मी पंगतीत वाढत होते तर माझ्या हातचं न घेता पुढे गेली. चुलत्यांनी सांगून ठेवलं होतं की त्या बाईला बोलवू नका, तरी मी जात होते. तुझ्या आई मात्र माझा हात धरून बसायच्या. त्यांनाही ‘बरं न्हाई सोपानला’ एवढंच सांगितलं होतं आणि त्यांनी तुझ्यासाठी तांदळाची पेज करून ठेवली होती. ती पेज कुणी टाकली, कधी टाकली, हे त्या मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

ऑफिसात वेगळंच. नवीन कोड पाठवायची वेळ आली तर साहेब म्हणाले, सोपानचे ते लांबलचक मेसेज काढून टाकू, ग्राहक घाबरतात, ‘सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा’ एवढं पुरे, आणि चिप उठली नाही तरी दिवा हिरवा लागू दे. माझीच जुनी मागणी माझ्यासमोर ठेवली त्यांनी, कौतुकाने. तुम्हीही हेच म्हणत होता ना मॅडम. मी म्हटलं, म्हणत होते, आणि ज्याच्याशी भांडत होते तो हजर नाही, त्याच्या पाठीमागे मी जिंकणार नाही. सही माझी लागते आणि मी करणार नाही. ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. कोड तुझ्याच शब्दांसकट गेला. परवा उरवड्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन होता. त्याच्या मोबाईलवर आलं होतं, ‘करंट मोजणारा भाग उत्तर देत नाही. मोटर सुरू केलेली नाही. डावीकडची जोडणी तपासा.’ त्याने स्वतःच झाकण उघडून साफ केलं आणि कळवायला फोन केला, चाललंय म्हणून. मी खुर्ची फिरवून तुला सांगायला गेले. तिथे आता कुणीतरी दुसरं बसतं. त्या बिचाऱ्याला काही कळेना मी अशी का बघतेय ते. सोपान, तुझे उपकार आहेत माझ्यावर, तू मला काम शिकवलंस, ते मी नाकारत नाही. पण त्या क्षणी मला फक्त टेबल उलटं करावंसं वाटलं.

रविवारी रेखा माझ्या खोलीवर आली. सईला तुझ्या आईंकडे ठेवून, एकटी. मी चहा ठेवला. ती जमिनीवरच बसली. मग म्हणाली, त्या दिवशी मी तुला शिव्याच दिल्या मनात. मग गाडीत बसले. चाकणपर्यंत रडले. चाकणच्या पुढे भावाला गाडी थांबवायला लावली, सईला घेऊन झाडाखाली बसले आणि तिला सांगितलं. माझ्या तोंडून ऐकलं तिनं. अंगणातल्या गर्दीत कुणाच्या तोंडून कळलं असतं तर काय झालं असतं, याचा मला विचारही करवत नाही. मी गॅस बारीक केला.

मला वाटलं, ती आभार मानायला आलीय. मग मीच तोंड उघडलं, सोपान. तुझ्यावरचा सगळा राग तिच्यासमोर ओकले. म्हटलं, जगाला शहाणपण शिकवणारा माणूस, आणि स्वतःच्या छातीत काय चाललंय ते बायकोला सांगत नाही, मित्रांना सांगत नाही, तारीख घेऊन बसतो आणि ॲसिडिटी म्हणतो. तिने मला बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाली, “मला सांगितलं होतं त्यानं.”

तू सांगितलं होतंस. तिच्यासमोर जेवणाचं ताट बाजूला सारून बसलास, असं ती म्हणाली. हृदयाचं चित्र काढून दाखवलंस. कुठली नळी, किती बंद आहे, डॉक्टर काय म्हणाले, थांबलं तर काय होऊ शकतं, सगळं. काहीच लपवलं नाहीस, बरं वाटावं म्हणून काही कमी करूनही सांगितलं नाहीस. आणि ती म्हणाली होती, भावाचं लग्न होऊ दे, माझ्या माहेरचं शेवटचं कार्य आहे, ते झालं की लगेच करू. आईंना कळलं तर त्या अण्णांची आठवण काढून खाणंपिणं सोडतील, म्हणून कुणाला बोलायचं नाही, हेही तिचंच. तू बरं म्हणालास. डॉक्टरांनी लग्नानंतरची तारीख दिली. ॲसिडिटी हा शब्द तिनेच तुला दिलेला होता.

महिनाभर मी तुझ्याशी ज्या गोष्टीवरून भांडत होते, ती तू केलीच नव्हतीस. माझा चहा उतू गेला.

तिने कप घेतला नाही. म्हणाली, सगळे मला येऊन समजावतात, नशीब, आयुष्य तेवढंच होतं, देवाला आवडला. कुणाला मी हे बोललेली नाही. आणि मग माझ्याकडे सरळ बघितलं. “तू त्या दिवशी माझ्याशी खोटं बोलली नाहीस. आज पण बोलू नको. माझ्यामुळं गेला का?”

काय करून ठेवलंस रे तू आमचं! कुणीही ‘नाही गं’ म्हणालं असतं. तुझे चुलते म्हणाले असते, तिचा भाऊ म्हणाला असता, आणि त्यात माया होती असं मी आजही म्हणेन. माझ्याही तोंडाशी तेच आलं होतं. ती समोर बसली होती, हात मांडीवर घट्ट धरलेले, बांगड्यांशिवायचे. तुला जाऊन विचारता आलं असतं तर मी विचारलं असतं, सोपान, हिला काय सांगू? मी म्हटलं, “मला माहीत नाही, रेखा. लगेच केलं असतं तर वाचला असता की नाही, मला माहीत नाही. थांबायला तोही तयार झाला होता आणि तारीख डॉक्टरांनी दिली होती, एवढं माहीत आहे.”

ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. म्हणाली, मग ज्याला माहीत आहे त्याला विचारू.

उद्या सकाळी आम्ही दोघी त्या डॉक्टरांकडे जातोय. तिच्या भावाने हात जोडलेत, गेलेला माणूस परत येतो का, कशाला उकरून काढतेस. चुलत्यांना कळवलेलं नाही. डॉक्टर काय म्हणतील मला ठाऊक नाही. ते म्हणाले की हो, ते थांबणं महागात पडलं, तर तिला ते घेऊन सईला वाढवायचं आहे. तिला हे पक्कं कळतंय, सोपान. मी तिला तीनदा विचारलं. तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, फक्त तो आता कशाचा आहे ते मला धड सांगता येत नाही. तू मरायला नको होतंस, एवढाच उरलाय बहुतेक.

जाताना ती दारात थांबली, चप्पल घालता घालता. म्हणाली, डॉक्टर मला बरं वाटावं म्हणून बोलायला लागले तर तू मधे पड, मला त्यांना थांबवता येणार नाही. मी हो म्हटलं.